धातूवरच्या संरक्षक कोटिंगचं तंत्रज्ञान परवान्यावर घेताना: सहीच्या आधी आणि सहीनंतर

वडोदऱ्यात पंप, व्हॉल्व्ह, ॲजिटेटर, हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्या छोट्या-मध्यम कारखान्यांची कमी नाही. गिऱ्हाईकही दारातच आहे: कोयलीची रिफायनरी, नंदेसरीचे केमिकल प्लांट, थोडं पुढे अंकलेश्वर आणि दहेज. आम्ल, खारट वाफ, गरम राख, वाळूमिश्रित स्लरी असल्या जागी साधं स्टील टिकत नाही. मग कुठल्या तरी प्रयोगशाळेच्या किंवा परदेशी कंपनीच्या खास कोटिंगचा परवाना घ्यायचा विचार सुरू होतो. विचार चांगलाच आहे. पण इथल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत क्रम सारखाच चुकलेला असतो: आधी मशीनची ऑर्डर, मग करारावर सही, मग पैसे आणि सगळ्यात शेवटी चाचणी.

हा क्रम जवळजवळ उलटा हवा. परवाना घेताना पेटंटची प्रत हातात येते, पण तिच्यावरून कोटिंग होत नाही. आपल्याला हवी असते ती आपल्या शेडमध्ये, आपल्या ऑपरेटरच्या हातून, तोच थर पुन्हा पुन्हा तसाच बसवण्याची क्षमता. खालचा प्रत्येक टप्पा ही क्षमता खरोखर हाती येते आहे की नाही, हे तपासण्यासाठी आहे.

## टप्पा १: त्रास नेमका काय आहे ते एका पानावर लिहा

‘एक्स्ट्रीम कंडिशन’ असं लिहून पाठवलेल्या चौकशीला कोणीही हो म्हणेल. त्याऐवजी एक पान तयार करा. भाग कोणता, मूळ धातूचा ग्रेड काय, संपर्कात काय येतं आणि किती तीव्रतेचं, चालू असताना तापमान किती, बंद-चालू होताना किती, कण असतील तर केवढे आणि कोणत्या कोनातून आदळतात, आजचं आयुष्य किती महिने. सोबत झिजलेल्या भागाचे जवळून काढलेले फोटो.

तापमानाच्या रकान्यात घाई करू नका, कारण अर्धी निवड तिथेच होते. टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टचा थर झिजेला उत्तम, पण साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर तो बिघडू लागतो. त्यापुढे ८५० अंशांच्या आसपास क्रोमियम कार्बाइड-निकेल क्रोम चालतं. गॅस टर्बाइनच्या गरम भागात झिर्कोनियाचा सिरॅमिक थर आणि त्याखाली तो धरून ठेवणारा धातूचा बाँड कोट, अशी जोडी लागते. इन्सुलेशनखाली गंजणाऱ्या पाइपांची गोष्ट यापेक्षा वेगळी. तिथे ॲल्युमिनियमचा थर्मल स्प्रे, म्हणजे वितळवून फवारलेला थर, पुरतो आणि बहुतेक वेळा त्याला कुणाच्या परवान्याची गरज नसते.

पडताळा: भाग का मेला हे माहीत आहे का? माहीत नसेल तर एक बाद झालेला नग कापून त्याची धातुशास्त्रीय तपासणी करून घ्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठात धातुशास्त्राचा विभाग आहे, शहरात खाजगी लॅबही आहेत. स्लीव्ह झिजण्याचं कारण शाफ्टची अलाइनमेंट असेल तर जगातलं कुठलंही कोटिंग उपयोगाचं नाही.

दुसरा पडताळा: परवाना खरंच लागतो का? एचव्हीओएफ पद्धतीने (ऑक्सिजन आणि इंधनाच्या ज्वालेतून पावडर अतिवेगाने फवारून) टंगस्टन कार्बाइडचा सर्वसाधारण थर देण्यासाठी फवारणीच्या गनचा उत्पादक स्वतःच सेटिंग देतो. पेटंटचं आयुष्य अर्ज केल्यापासून २० वर्षं असतं, आणि जुन्या पद्धतींपैकी पुष्कळ आता मोकळ्या आहेत. जे बाजारात मोकळं मिळतं त्यासाठी रॉयल्टी देऊ नका.

## टप्पा २: तंत्रज्ञान कोणाचं, कितपत पिकलेलं आणि पेटंट जिवंत आहे का

देशात शोधायचं तर हैदराबादची संशोधन संस्था एआरसीआय (डेटोनेशन स्प्रेसारखी कोटिंग तंत्रज्ञानं उद्योगांना देण्यात ती जुनी आहे), कराईकुडीची विद्युत-रसायन संशोधन संस्था सीएसआयआर-सेक्री, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, प्लाझ्मा नायट्रायडिंगसाठी गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, आणि अनेक सरकारी प्रयोगशाळांच्या वतीने परवाने देणारं राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ, म्हणजे एनआरडीसी. डीआरडीओचंही स्वतःचं तंत्रज्ञान हस्तांतरण धोरण आहे.

पहिल्याच फोनवर विचारा की हे तंत्रज्ञान तंत्रज्ञानाची तयारी मोजणाऱ्या एक ते नऊच्या टीआरएल मोजपट्टीवर कुठे आहे. चार म्हणजे प्रयोगशाळेत जमलं. सात म्हणजे प्रत्यक्ष परिस्थितीत नमुना चालून दाखवला. चार-पाचवरचं तंत्रज्ञान घेणं चूक नाही, पण मग उरलेलं संशोधन तुमच्या खर्चाने होणार आहे, आणि फी ठरवताना ते दिसायला हवं. आधी कुणाला परवाना दिलाय का, आणि तो कारखाना आज हे कोटिंग करतो का, हेही विचारा. शक्य असेल तर त्या कारखान्यात जाऊन या. अशा एका भेटीत जे कळतं ते माहितीपत्रकात कधीच नसतं.

मग पेटंट तपासा. भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपास संकेतस्थळावर हा शोध फुकट होतो. चार गोष्टी बघा.

१. पेटंट मंजूर आहे की अर्जच पडून आहे.
२. नूतनीकरणाची फी भरलेली आहे का. ती न भरल्यामुळे मेलेली पेटंटं पुष्कळ सापडतात.
३. दावे, म्हणजे पेटंट नेमका कशावर हक्क सांगतं ती कलमं, वाचा; सारांश नको. दाव्यांत तुमची पावडर, तुमचा मूळ धातू, तुमची जाडी बसते का?
४. मालक किती आहेत. दोन संस्थांचं संयुक्त पेटंट असेल तर पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, दुसऱ्या मालकाच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. लेखी संमती मागा.

सावधान: पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेत पेटंट आहे पण भारतात नाही, अशी परिस्थिती नेहमीची. आंतरराष्ट्रीय पीसीटी अर्जावरून भारतात यायची मुदत अग्रक्रम तारखेपासून (पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने आहे. ती उलटून गेली आणि भारतात अर्ज नसेल, तर इथे तुम्ही फक्त नो-हाऊचे, म्हणजे कोटिंग करण्याच्या अनुभवी माहितीचे, पैसे देत आहात. तेही देण्यासारखे असू शकतात, पण भाव वेगळा हवा. उलट कोटिंग केलेला माल अमेरिकेत पाठवणार असाल तर तिथल्या पेटंटचा परवाना लागेलच.

परदेशी देणाऱ्यांबाबत आणखी एक: टर्बाइनच्या गरम भागांच्या कोटिंगचं तंत्रज्ञान निर्यात नियंत्रणाच्या याद्यांत येतं. देणाऱ्याला स्वतःच्या सरकारची परवानगी लागू शकते. आपल्याकडेही डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) नियंत्रित निर्यातीची स्कोमेट यादी आहे. पुढे हीच माहिती तुम्ही परदेशी गिऱ्हाइकाला द्यायला गेलात तर ती यादी तुम्हाला लागू होऊ शकते. परवानगी मिळेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, असं पहिल्या पत्रातच लिहा.

## टप्पा ३: एनडीए, पण डोळे उघडे ठेवून

नमुने आणि आकडे मागायच्या आधी गोपनीयतेचा करार (एनडीए) होतो. त्यात दोन वाक्यं हटकून घाला. एक, तुम्हाला आधीपासून माहीत असलेलं गोपनीय धरलं जाणार नाही. दोन, गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याच्या प्लांटची माहिती समोरच्यानेही गुप्त ठेवायची. या दुसऱ्या वाक्याची आठवण फार थोड्यांना राहते, आणि मग देणारी संस्था थेट तुमच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागते. मुदत पाच वर्षांच्या आसपास ठीक. ‘कायमची’ असं लिहिलेलं असेल तर ते कशाकशाला लागू आहे हे नीट वाचा.

## टप्पा ४: तुमच्या धातूवर, तुमच्या माध्यमात चाचणी

कंटाळा येईल, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला.

देणाऱ्याच्या अहवालातले आकडे त्याच्या कूपनवरचे, म्हणजे चाचणीच्या छोट्या धातूच्या तुकड्यावरचे, असतात: सपाट, स्वच्छ, वातानुकूलित खोलीत फवारलेले. तुमचा भाग गोल असतो, त्याला कीवे असतो, कडा असतात. म्हणून तुमच्याच ग्रेडचे कूपन आणि किमान दोन खरे नग पाठवा. गन पृष्ठभागाला काटकोनात धरता येते का, आतल्या व्यासात पोचते का, हे खऱ्या नगावरच कळतं. ४५ अंशांहून तिरक्या कोनातून बसलेला थर कमजोर आणि छिद्राळ होतो. कडेची धार गोल केली नसेल तर तिथूनच पापुद्रा सुटतो.

अहवाल हातात आला की कोणकोणत्या जागी फसगत होते ते सांगतो.

चिकटण्याची ताकद. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या सी ६३३ चाचणीत कोटिंग केलेल्या दंडगोलाला दुसरा दंडगोल गोंदाने चिकटवतात आणि दोन्ही ओढतात. गोंद साधारण ७० ते ८० मेगापास्कलला तुटतो. अहवालात ‘७२ मेगापास्कल, ग्लू फेल्युअर’ असं असेल तर तो आकडा गोंदाचा आहे. कोटिंग त्याहून मजबूत आहे एवढंच त्यातून कळतं, कितीने ते नाही. दोन कोटिंगांची तुलना ७२ विरुद्ध ७६ अशी करणाऱ्यांना नम्रपणे थांबवा. शेवटच्या रकान्यात तुटण्याची जागा लिहिलेली नसेल तर अहवाल परत पाठवा.

सॉल्ट स्प्रे. एएसटीएम बी ११७ म्हणजे ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं. एकाच कोटिंगच्या दोन बॅचमध्ये फरक पडलाय का, हे त्यात चांगलं दिसतं. पण १००० तास म्हणजे इतकी वर्षं असं गणित त्यातून निघत नाही, आणि नंदेसरीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाच्या टाकीतलंच माध्यम बाटलीत भरून आणा आणि त्यात, त्याच तापमानाला, बुडवून चाचणी करा.

छिद्रं. कार्बाइडच्या चांगल्या एचव्हीओएफ थरात सच्छिद्रता एक टक्क्याच्या आत अपेक्षित असते. पण ओल्या आम्लात खरा प्रश्न टक्क्यांचा नसून ती छिद्रं जोडलेली आहेत का हा असतो. एक जोडलेली वाट पुरते. आम्ल खाली पोचतं आणि मूळ धातू आतून खातं. सीलरचा थर लागणार असेल तर तो परवान्यात आहे की वेगळा विकत घ्यायचा, हे आत्ताच विचारा.

झीज. घासण्यासाठी एएसटीएम जी ६५, कण आदळण्यासाठी जी ७६. दोन्ही एकमेकांच्या बदली चालत नाहीत. कठीण पण ठिसूळ थर घासण्यात टिकतो आणि काटकोनात आदळणाऱ्या कणांखाली फुटतो.

पडताळा: गिऱ्हाइकाच्या मेंटेनन्स विभागाला विश्वासात घेऊन एक नग प्रत्यक्ष प्लांटमध्ये बसवा. किमान एक शटडाउन उलटू द्या. थंड-गरम होताना जे बिघडतं ते सलग चालवताना दिसत नाही. यात चार-सहा महिने जातात, आणि ‘तोवर दुसरा कोणी परवाना घेईल’ ही भीती घातली जाते. त्यावर उपाय आहे: थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीचा ऑप्शन करार करा. तेवढ्या काळात तुमच्या क्षेत्रात दुसऱ्याला परवाना द्यायचा नाही.

## टप्पा ५: मशीनचं आणि जागेचं गणित, सहीच्या आधी

एका गनचे पॅरामीटर दुसऱ्या गनला चालत नाहीत. हायड्रोजनवर विकसित केलेलं कोटिंग केरोसीनच्या गनवर पुन्हा जुळवावं लागतं, आणि ते काम कोण करणार हे करारात लिहावं लागतं. म्हणून मशीनची ऑर्डर कराराच्या मसुद्याच्या आधी कधीच देऊ नका.

मशीनच्या किमतीपलीकडचे खर्च आधी मांडा. केरोसीनवर चालणारी एचव्हीओएफ गन तासाला साधारण ५० घनमीटर ऑक्सिजन घेते. ७ घनमीटरचं सिलिंडर आठ-नऊ मिनिटांत रिकामं होतं. म्हणजे सिलिंडरची बँक किंवा द्रव ऑक्सिजनची टाकी, आणि टाकी आली की पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालचे वायू यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) परवानगी. आवाज १२० डेसिबलच्या पुढे जातो, त्यामुळे बंद बूथ लागतो. धुळीसाठी डस्ट कलेक्टर आणि गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. कार्बाइडचा थर ग्राइंड करायला डायमंड व्हील. हे सगळं धरून एका चौरस सेंटिमीटरचा भाव काढा आणि मगच रॉयल्टी परवडते का ते बघा. देशी तंत्रज्ञान बाजारात आणण्यासाठी केंद्राचं टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड कर्ज देतं. तिथे अर्ज करायचा असेल तर हाच हिशोब लागतो.

## टप्पा ६: टर्म शीट आणि करार

आधी मुख्य अटींची दोन पानांची टर्म शीट, मग वकील. थेट पन्नास पानी मसुदा हातात आला की चर्चा शब्दांवर होते, मुद्द्यांवर होत नाही.

क्षेत्र आणि हक्क. एक्स्क्लुझिव्ह परवान्यात कायद्याच्या व्याख्येप्रमाणे खुद्द पेटंटधारकही बाहेर राहतो, आणि उल्लंघन करणाऱ्यावर तुम्ही स्वतः दावा लावू शकता. साध्या परवान्यात हा हक्क नाही. माझं मत असं की छोट्या कारखान्याने सगळ्या क्षेत्रांचा एक्स्क्लुझिव्ह मागू नये. किमान रॉयल्टीचं ओझं झेपत नाही. ‘रासायनिक उद्योगातले पंप आणि व्हॉल्व्ह’ एवढ्यापुरता, तीन वर्षांचा, विक्री झाली तर वाढणारा, असा मागा.

रॉयल्टी कशावर. टक्केवारीवर तासभर घासाघीस होते आणि पाया कोणी बघत नाही. समजा तुमच्या व्हॉल्व्हची किंमत ४०,००० रुपये आणि त्यातलं कोटिंग ९,००० रुपयांचं. ४ टक्के रॉयल्टी पूर्ण व्हॉल्व्हवर धरली तर नगामागे १,६०० रुपये, कोटिंगवर धरली तर ३६०. जीएसटी, वाहतूक, गिऱ्हाइकाने दिलेल्या भागाची किंमत, वॉरंटीत फुकट केलेलं री-कोटिंग, रिजेक्शन: हे सगळं पायातून वगळलंय असं एकेक नाव घेऊन लिहा.

हप्ते. सहीला एक भाग, कागदपत्रं आणि प्रशिक्षणानंतर एक भाग, आणि सगळ्यात मोठा भाग तुमच्या शेडमधली स्वीकृती चाचणी पास झाल्यावर. सरकारी संस्था बहुधा बरीच रक्कम आधी मागतात. तिथे निदान शेवटचा हप्ता तरी चाचणीला बांधून घ्या.

पावडर. ‘पावडर आमच्याकडूनच घ्यावी लागेल’ ही अट नीट बघा. पेटंट कायद्याच्या कलम १४० प्रमाणे, पेटंट नसलेला माल देणाऱ्याकडूनच घेण्याची सक्ती करारात घालता येत नाही; अशी अट रद्दबातल ठरते. तुम्ही केलेली सुधारणा फक्त त्यांनाच परत द्यायची, किंवा पेटंटच्या वैधतेला आव्हान द्यायचं नाही, या अटींचंही तेच. पण पावडर स्वतःच पेटंटखाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा निदान पुरवठा थांबला तर दुसरीकडून बनवून घेण्याचा हक्क घ्या, आणि पावडरचं स्पेसिफिकेशन, म्हणजे रासायनिक घटक, कणांचा आकार, बनवण्याची पद्धत, हे परिशिष्टात मागा.

नो-हाऊचं परिशिष्ट. कराराचा जीव इथे आहे. ब्लास्टिंगचं ग्रिट आणि दाब, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, गनचं अंतर, वेग, पावडरचा फीड रेट, गॅसचे प्रवाह, मधल्या थंड करण्याची रीत, प्रत्येकाची सहनमर्यादा, आणि मर्यादा ओलांडली तर काय होतं. ‘आवश्यक ती सर्व माहिती दिली जाईल’ या एका वाक्यावर सही करू नका. पेटंट आणि नो-हाऊची रॉयल्टी वेगवेगळी लिहा, म्हणजे पेटंट पडलं किंवा संपलं तर एक भाग आपोआप गळतो.

जबाबदारी. तुमच्या गिऱ्हाइकाच्या प्लांटच्या नुकसानीची जबाबदारी देणारा घेणार नाही, हे धरून चाला. त्यामुळे तुम्ही गिऱ्हाइकाला देता ती वॉरंटीही री-कोटिंगपुरतीच ठेवा. शटडाउनचं नुकसान अंगावर घेऊ नका.

घरच्या फर्मसाठी खास. परवाना बाबांच्या प्रोप्रायटरशिपच्या नावावर असतो आणि दोन वर्षांनी मुलं प्रायव्हेट लिमिटेड काढतात. हस्तांतरणाचं कलम नसेल तर नव्या कंपनीकडे परवानाच नाही! कुटुंबातल्या रचनेच्या बदलाला आगाऊ संमती लिहून घ्या.

परदेशी देणारा असेल तर ‘रॉयल्टी करमुक्त हातात पडावी’ अशी ओळ शोधा. ती असेल तर त्यांचा भारतातला कर तुमच्या खिशातून जातो. जीएसटीही रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरता. दुहेरी करमुक्तीच्या कराराचा फायदा घ्यायला त्यांच्याकडून कर-निवासी असल्याचा दाखला लागतो. सीएला मसुदा दाखवा, सही केलेली प्रत नव्हे.

## टप्पा ७: हस्तांतरण आणि स्वीकृती

प्रशिक्षणाला फक्त मालक आणि मॅनेजर जातात, ही दर वेळची चूक. गन चालवणारा माणूस आणि ब्लास्टिंग करणारा माणूस गेलाच पाहिजे. आणि एकच ऑपरेटर शिकवून आणू नका, दोन आणा.

स्वीकृती चाचणी अशी मागा: तुमचं मशीन, तुमचा ऑपरेटर, देणाऱ्याचा माणूस फक्त बघणार; सलग तीन बॅच; कूपन तिसऱ्या लॅबकडे; जाडी, कडकपणा, सच्छिद्रता, चिकटण्याची ताकद आणि टप्पा ४ मधली तुमच्या माध्यमातली चाचणी, प्रत्येकाचा आकडा करारात आधीच छापलेला. दोन बॅच पास आणि तिसरी नापास म्हणजे नापास.

सावधान, पावसाळा: शक्य असेल तर एक बॅच जुलै-ऑगस्टमध्ये करा. ब्लास्ट केलेलं स्टील चांदीसारखं करडं दिसतं. वडोदऱ्याच्या पावसाळी हवेत ते बघता बघता पिवळसर पडायला लागतं. तो रंग आला की त्यावर फवारायचं नाही, परत ब्लास्ट करायचं. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवं. ब्लास्टिंगचा कॉम्प्रेसर पाणी ओढत असेल तर ड्रायरशिवाय सुरूच करू नका, आणि पावडरचा डबा रात्रभर उघडा राहिला तर ती आधी ओव्हनमध्ये सुकवा. प्रयोगशाळेच्या मॅन्युअलमध्ये यातलं काही लिहिलेलं नसेल तर ते तुमच्या खर्चाने शिकण्याआधी लिहून मागा.

## टप्पा ८: नोंदणी आणि वहीखातं

परवाना लेखी असेल तरच वैध, आणि त्याची पेटंट नोंदवहीत नोंद करून घ्यायची. अर्ज नमुना १६ मध्ये होतो.  नोंद नसलेला करार मालकीच्या वादात पुरावा म्हणून अडचणीत येतो. स्टँप ड्युटी सहीच्या वेळीच भरा.

पेटंट भारतात वापरलं जातंय का, याचं नमुना २७ मधलं निवेदन फक्त मालकानेच द्यायचं नसतं, परवानाधारकालाही ते लागू आहे. २०२४ च्या नियमबदलानंतर ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचं आहे.

रॉयल्टीसाठी जॉबकार्डच्या क्रमांकाने वेगळं रजिस्टर ठेवा: तारीख, गिऱ्हाईक, भाग, पावडरचा लॉट, कोटिंगची किंमत, रिजेक्ट किंवा री-कोट. देणाऱ्याचा ऑडिटर आला की याच रजिस्टरवर वाद मिटतो, आणि प्लांटमधून तक्रार आली की कोणत्या लॉटची पावडर होती तेही यातूनच सापडतं. दर वर्षी इनपासवर पेटंटची स्थिती बघा. पेटंट संपल्यावर कलम १४१ प्रमाणे तीन महिन्यांची नोटीस देऊन करारातून बाहेर पडता येतं. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि नोटिशीचा मसुदा वकिलाकडून तयार करून करारासोबतच फाइलमध्ये लावा.